दोन गंधार

"आई, ऑर्गन ऐकायला येतेस का?" असं लेकीनं विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला तो सांगलीच्या नाट्यगृहातला ऑर्गन. रंगमंचाच्या पुढ्यात, जरा खाली, अंधारात बसलेला. दोन पायांनी आळीपाळीनं भाता मारणारे वादक, वर चढलेलं धोतर, आणि पडदा सरकायच्या आधीचा तो लांबलचक षड्ज. तो लागला की प्रेक्षागृहातली कुजबुज थांबायची आणि नांदी सुरू व्हायची. आमच्या पिढीला ऑर्गन म्हटलं की हाच आठवतो. संगीत नाटकाचा.

लेकीच्या मनात मात्र लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला ऑर्गन होता. ७,८६६ नळ्यांचा.

मी तिच्याकडे दोन महिन्यांसाठी गेले होते. राजवाडे, संग्रहालयं पाहून झाली होती आणि गुडघे कुरकुरत होते. बसून ऐकायचं काहीतरी आहे म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. शिवाय आणखी एक कारण होतं. माझं निम्मं लहानपण एका पेटीवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर गेलंय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते दुकान होतं. तिथले काका बाजाच्या पेट्या, पायपेट्या, क्वचित एखादा ऑर्गन दुरुस्त करायचे. मला ते रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभा, पुसायला द्यायचे, बारीक कुंचल्यानं. रीड चढवायची असेल तर टोकाशी खरवडायची आणि उतरवायची असेल तर बुडाशी, हे मला बे चे पाढे पाठ व्हायच्या आधी माहीत होतं. पण खरी मजा असायची ती गिऱ्हाईक पेटी न्यायला आलं की. काका पेटी लगेच हातात देत नसत. आधी एक संथ अभंग वाजवत. लांब सूर, मध्ये भरपूर श्वास; भाता कुठे गळत असेल तर तिथे कळतं. मग एखादी ठसक्याची लावणी. दाबलेली पट्टी झटकन वर येते की अडकते, ते त्यात उघडं पडतं. मग लेहरा. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, दहा मिनिटं, गिऱ्हाईक कंटाळेपर्यंत. कुठला सूर केसभर उतरलाय हे एकदा ऐकून कळत नाही, विसाव्यांदा ऐकून कळतं. आणि शेवटी नुसता एक सूर धरून, मान तिरकी करून बसत.

सगळे स्टॉप, म्हणजे पेटीच्या खुंट्या, ओढून दणदणीत काही वाजवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. "सगळं उघडलं की वाईट पेटीसुद्धा चांगली वाटते," म्हणायचे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी थेम्स नदीच्या दक्षिण काठावरच्या त्या सभागृहात शिरले. १९५१ साली, महायुद्धातून उठत असलेल्या देशानं ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरवला, त्या वेळची ही वास्तू. आत सुमारे २,७०० खुर्च्या. समोर मंच, आणि मंचामागची सगळी भिंत नळ्यांनी भरलेली. मला वाटलं होतं चर्चमध्ये असतो तसा कोरीव लाकडाचा मखर असेल. इथे मखर नाही, काही नाही. नळ्या उघड्याच उभ्या. दहा मीटरच्या आसपास जाणाऱ्या खर्जाच्या नळ्यांपासून पेन्सिलीएवढ्यांपर्यंत, शाळेतल्या मुलांसारख्या उंचीनुसार लावलेल्या. दुकानात खोलून ठेवलेली पेटी जशी दिसते, अगदी तशी. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

हा उघडेपणा मुद्दाम ठरवलेला होता. ऑर्गनची आखणी केली ऑर्गनवादक राल्फ डाउन्स यांनी, घडवला डरहॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसन या जुन्या पेढीनं, आणि तो पहिल्यांदा लोकांपुढे वाजला मार्च १९५४ मध्ये. त्या काळी इंग्लंडमधले ऑर्गन जाड, घुमारेदार आवाजाचे असत. हवेचा दाब जास्त, सूर गुबगुबीत. डाउन्सना दाब कमी हवा होता आणि आवाज सडपातळ, स्पष्ट. जुना जर्मन संगीतकार बाख याच्या काळचे जर्मन ऑर्गन आणि जुने फ्रेंच ऑर्गन यांच्या वळणाचा. रीडच्या नळ्यांसाठी त्यांनी रोशेसों नावाचा फ्रेंच कारागीर बोलावला. इंग्लंडमधल्या ऑर्गनच्या जगात यावरून बरंच वादंग झालं. आपल्याकडे कुणी ‘हे गाणं आमच्या घराण्याचं नव्हे’ म्हणतो, तसलंच ते असणार. पुढे बुधवारी संध्याकाळी पाच पंचावन्नला इथे ऑर्गनचे कार्यक्रम होऊ लागले, आणि कचेऱ्या सुटल्यावर घरी जायच्या आधी लोक तासभर बाख ऐकून जाऊ लागले. ही वेळ मला फार आवडली. सहाला पाच कमी! लोकल पकडायच्या बेतानं ठरवावी तशी.

सभागृहाचा एक दोष मात्र पहिल्यापासून होता. तिथे आवाज रेंगाळत नाही. सेंट पॉल कथीड्रलमध्ये सूर सोडल्यावर तो कित्येक सेकंद घुमटात फिरत राहतो, आणि ऑर्गनचं बहुतेक संगीत तसल्या जागा गृहीत धरून लिहिलेलं. इथे सूर सोडला की संपला. साठच्या दशकात छतात मायक्रोफोन आणि लाउडस्पीकर दडवून आवाज लांबवायचा उपायही करून झाला. शेवटी २००५ मध्ये सभागृह दुरुस्तीला बंद झालं, तेव्हा ऑर्गन नळी नळी करून उतरवला गेला. २००७ मध्ये सभागृह उघडलं, पण ऑर्गन एकतृतीयांशच परत बसला होता. बाकीच्यासाठी पैसे जमायचे होते.

सुमारे सात वर्षं हे वाद्य असं तिसऱ्या हिश्श्यानं उभं होतं. दुकानात अशा पेट्या मी पाहिल्यात. मालकाकडे पैसे नाहीत म्हणून भाता बसवलेला पण सूर अर्धेच, फडक्याखाली झाकून ठेवलेल्या. इथे लोकांना एकेक नळी दत्तक घ्यायचं आवाहन केलं गेलं, लॉटरीच्या निधीतून मदत आली, आणि एकूण सुमारे २३ लाख पौंड खर्चून मार्च २०१४ मध्ये, पहिल्या वादनाला साठ वर्षं होत असताना, ऑर्गन पुन्हा पूर्ण झाला. मंचाला जागा मिळावी म्हणून त्याची खोली मीटरभर कमी केली होती. नळी मात्र एकही टाकली नाही.

त्या वेळच्या महोत्सवाचं नाव होतं ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’. स्टॉप म्हणजे ओढायची खुंटी. ती ओढली की नळ्यांच्या त्या ओळीला हवा मिळते. इथे अशा १०३ खुंट्या. जीव तोडून प्रयत्न करणं, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार यातूनच आला. नाव झकास आहे, पण काकांना पटलं नसतं.

मी गेले त्या दिवशी मुख्य कार्यक्रमाआधी वादकानं तासभर वाद्य दाखवलं. फोनवर टिपायला हरकत नव्हती. हातांसाठी पट्ट्यांच्या चार रांगा आणि पायांसाठी एक, म्हणजे पायानं भाता मारायचा नाही, पायानं सूर वाजवायचे. त्यासाठी खास बूट असतात, पातळ तळव्याचे. भाता विजेच्या पंख्यावर. बाखच्या काळी भात्यावर उभं राहून तो दाबायला माणसं लागत. त्यांच्या नावानं एकही रचना नाही, याचं मला उगाच वाईट वाटलं.

पेटीतल्या सुरांच्या जोड्यांना आपल्याकडे खर्ज, नर, मादी म्हणतात. इथे मोजमाप फुटांत. आठ फुटी म्हणजे पट्टी दाबली तोच सूर, सोळा फुटी एक सप्तक खाली, चार फुटी एक सप्तक वर. बत्तीस फुटी म्हणजे खर्जाचाही खर्ज. त्याचा सगळ्यात खालचा सूर वाजवला तेव्हा आधी मला काही ऐकूच आलं नाही. खुर्चीचा हात जरा थरथरला, एवढंच. सेकंदाला सोळाच्या आसपास कंपनं. तो कान आणि हाड यांच्या सीमेवरचा सूर आहे.

मग त्यानं एक गंमत दाखवली, आणि मी ताठ बसले. एक ओळ अशी ओढली की पट्टी दाबली सा ची आणि वाजला वरचा पंचम. दुसरी ओळ अशी की पट्टी सा ची आणि वाजला त्याहून वरचा गंधार. नुसतं ऐकलं तर वाटेल चुकून भलतीच नळी बसवलीय. पण त्यानं मूळ आठ फुटी सूर धरला, वर हा पंचम चढवला, मग हा गंधार, आणि तिन्ही मिळून तीन सूर उरलेच नाहीत. एकच सा. अनुनासिक, पिवळसर, झळझळीत.

तंबोरा लावता लावता खर्जाच्या तारेतून जो आपोआप गंधार ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार माहीत नसलेला आपल्याकडे गाणारा नसेल. आपण त्याची वाट पाहतो. तो येणं म्हणजे तंबोरा लागला. या लोकांनी काय केलं, तर त्याची वाट पाहिली नाही. त्या गंधाराच्या स्वतंत्र नळ्या ओतल्या, त्यांना ‘तिएर्स’ नाव दिलं आणि एक खुंटी लावून दिली. हवा तेव्हा ओढा! मला हे आधी उद्धट वाटलं. मग वाटलं, ज्यानं पहिल्यांदा हे केलं त्याचा कान किती लांबवर ऐकत असेल.

कार्यक्रमाची सुरुवात याच गंधारानं झाली. फ्रेंच संगीतकार फ्रांस्वा कूपरँचं ‘तिएर्स आं ताय’. १६९० मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यानं ऑर्गनसाठी दोन मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं संगीत, लिहिल्या, त्यांतला हा तुकडा. जुन्या फ्रेंच रचनांची नावं मजेशीर. त्यांत भाव नाही, देव नाही, कुठली खुंटी ओढायची तेच नाव. ‘मधल्या आवाजात तिएर्स’, बस्स. पण वाजलं ते अगदी विलंबित. डाव्या हातात ती पिवळसर सुरावट, मींड नसूनही मींड घेतल्यासारखी, आणि भोवती मऊ बासऱ्यांचा पडदा. माझ्या हिशेबात हा काकांचा अभंग. सुराला कुठे लपायला जागा नाही.

लेहरा लगेच पुढे आला. बाखची सी मायनरमधली पासाकाल्या. आधी पायांनी एकट्यानं वाजवलेली आठ मात्राखंडांची एक ओळ, हात मांडीवर. मग तीच ओळ खाली फिरत राहते आणि वर वीस वेळा काहीतरी वेगळं घडतं. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला लेहरा धरतो आणि तबलजी त्यावर कायदे, रेले मांडतो, तसंच. फरक एवढाच की इथे लेहरेवाला आणि तबलजी एकाच माणसाच्या अंगात. नंतर तर ती ओळ पायातून वर चढून हातात येते. सातव्या-आठव्या आवर्तनाला मी मान डोलवत होते, शेजारचे गोरे आजोबा पुतळ्यासारखे. बाखची ती दुसरी, भुताच्या सिनेमांत वाजणारी टोकाटा न वाजवल्याबद्दल मी वादकाचे मनातल्या मनात आभार मानले. लेकीचा मात्र थोडा विरस झाला. तिला तीच हवी होती.

त्या कोरड्या सभागृहाचा गुण मला इथे कळला. घुमणाऱ्या जागेत वीस आवर्तनं एकमेकांत मिसळून लापशी होते. इथे बोटन् बोट दिसत होतं.

पुढचा, सेझार फ्रांक या संगीतकाराचा ए मायनर कोराल १८९० चा, म्हणजे तो गेला त्याच वर्षीचा. त्याच्याबद्दल मी फार लिहीत नाही; मला तो आवडला, पण मधल्या संथ भागात झोपही लागली. ऑर्गनच्या पट्टीवर बोट जोरात मारा की हळू, सूर तेवढाच येतो. लहानमोठेपणा आणायचा तर नळ्या एका मोठ्या खोक्यात ठेवून त्याच्या झडपा पायानं उघडझाप करायच्या. फ्रांकचं सगळं संगीत या झडपांवर चालतं. डाउन्सच्या सडपातळ ऑर्गनला ते पेलतं की नाही, हीच तिथे परीक्षा होती, आणि मला वाटतं वाद्य काठावर पास झालं.

मध्यंतरात मी कार्यक्रमपत्रिका चाळत होते. पुढची रचना फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँच्या १९५१ च्या ‘लिव्र दॉर्ग’मधली. टीप वाचताना रोमन अक्षरांत तीन शब्द दिसले आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. प्रतापशेखर. गजझंप. सारस. खाली लिहिलेलं: शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातले देशी ताल.

शार्ङ्गदेव! म्हणजे देवगिरी. म्हणजे आपलं दौलताबाद, जिथे शाळेच्या सहलीत अंधारी वाटेत मी चप्पल हरवली होती. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या दरबारात हा काश्मिरी घराण्यातला माणूस हिशेबाचं काम बघायचा आणि त्यानं सात अध्यायांचा संगीतरत्नाकर लिहिला. तालाध्यायात १२० देशी ताल दिलेत. ते पॅरिसच्या एका संगीतविश्वकोशात छापले गेले, तिथे ते तरुण मेसियाँच्या हाती लागले आणि पुढे जन्मभर त्यानं ते वापरले. १९३१ पासून मरेपर्यंत, १९९२ पर्यंत, तो पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. मी लेकीला दंड धरून हे सांगायला लागले. ती म्हणाली, "आई, हळू."

रचना सुरू झाली आणि मी सम शोधायला लागले. सापडली नाही. सापडणारच नव्हती, मेसियाँनं ताल घेतले ते मात्रांच्या लांबीआखुडीचे नुसते आकार म्हणून, आवर्तन म्हणून नव्हे. त्यानं या तीन तालांना नाटकातल्या पात्रांसारखं वागवलंय: एक दर वेळी थोडा वाढतो, एक झिजतो, एक जसाच्या तसा राहतो. मग तोच ऐवज कडांकडून मध्याकडे, मध्याकडून कडांकडे, शेवटी उलटा. सुरांचं म्हणाल तर दगडांचा ढीग कोसळावा तसं. सुंदर वाटलं, असं मी म्हणणार नाही. आपल्या घरातला तांब्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात फुलदाणी म्हणून पाहावा, तसं काहीसं झालं. तांब्या आपलाच होता, याचा आनंद झाला; पाणी प्यायला मिळालं नाही. पण नळ्यांच्या एकेका ओळीचा नुसता, एकटा रंग इतका स्वच्छ मी तोवर ऐकला नव्हता. काकांनी शेवटी एकेक सूर धरून बसावं, तसं.

शेवटी विडोरची टोकाटा, पाचव्या सिंफनीतली, १८७९ ची. लग्न लागल्यावर नवरानवरी चर्चबाहेर पडताना इंग्लंडात ही वाजते, म्हणजे आपली सनई-चौघडाच. हा विडोर पॅरिसच्या सँ-स्युल्पिस चर्चमध्ये १८७० मध्ये तात्पुरता ऑर्गनवादक म्हणून नेमला गेला. कायम केल्याचा कागद काही कधी निघाला नाही, आणि १९३३ च्या अखेरपर्यंत, जवळजवळ ६४ वर्षं, तो हंगामीच राहिला. आमच्या शिक्षण खात्यातल्या मैत्रिणींना हे सांगायला हवं. टोकाटात मात्र झाडून सगळ्या खुंट्या ओढलेल्या. जमीन हादरली, लोक उभे राहिले, लेक खूश. मीही टाळ्या वाजवल्या. त्या आवाजात कुठलीही नळी बेसूर असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

घरी येताना पुलावर वारं फार होतं. लेकीनं तिच्या फोनवरचं टिपण माझ्याकडे पाठवलं. आधीच्या तासातलं, ज्यात वादक तिएर्सची खुंटी ओढून सा-ग-प दाबून धरतो, अर्धं मिनिट. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडची दुपारची झोप झाली असेल अशा बेतानं, मी ते काकांना पाठवलं. काका आता नव्वदीला टेकलेत. दुकान कधीच बंद झालं, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. डोळ्यांनी कमी दिसतं, कान शाबूत. खालचे सूर फोनच्या चिमूटभर स्पीकरमधून गेले नसणारच. नातवानं फोन लावून दिला.

"काय गं, कुठली पेटी ही?"

मी सांगितलं. लंडन, सात हजार आठशे नळ्या, सगळं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"गंधार दोन आहेत यात," ते म्हणाले. "एक पट्टीचा आहे, जरा चढा, पेटीत असतो तसा. आणि त्याच्या वर, आत, एक उतरलेला. तो तंबोऱ्यातला आहे. पेटीत कसा काय गेला?"

मी त्यांना तिएर्स समजावून सांगायला लागले, की पट्टीचा गंधार सप्तक बारा समान भागांत कापून आलेला असतो आणि त्या नळ्यांचा मात्र कानानं, स्वयंभू गंधाराच्या मापानं लावलेला...

"ते कळलं," काका म्हणाले. "परत लाव बघू."